चार आण्यांचा फरक

म्हैसूरचा दसरा पाहून घरी परतलं की काही दिवसांत कार्डाचं स्टेटमेंट येतं. पावत्या घेऊन ताळा करायला बसावं, तर कुठे चार आणे कमी, कुठे दोन-तीन रुपये जास्त. मग हे गैरसमज डोकं वर काढतात.

गैरसमज १: पैशांचा फरक म्हणजे कुणाची तरी लबाडी.
वस्तुस्थिती: समजा, डोसा-कॉफीचे ३८५ रुपये झाले. ५ टक्के जीएसटी धरून आपण वहीत ४०४.२५ लिहितो. बिलात मात्र केंद्राचा आणि राज्याचा कर अडीच-अडीच टक्क्यांनी वेगळा काढतात: प्रत्येकी ९.६२५, म्हणजे ९.६३. बेरीज ४०४.२६. शेवटच्या ओळीत 'राउंड ऑफ' उणे ०.२६ आणि कार्डावर ४०४. इथे कुणीच कुणाला फसवलेलं नाही.

गैरसमज २: रक्कम किरकोळ आहे, म्हणजे राउंड ऑफच.
वस्तुस्थिती: बिल जवळच्या रुपयात आणताना ५० पैशांहून जास्त फरक पडूच शकत नाही. वाटेत १,५०० रुपयांचं पेट्रोल भरलं, त्यावर १ टक्का अधिभार लागला, तर ते १५ रुपये बहुतेक कार्डांवर ठरावीक मर्यादेत परत जमा होतात. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, २.७० रुपये, सहसा परत मिळत नाही. तो खर्च आहे. वहीत खर्च म्हणूनच लिहा.

गैरसमज ३: एकूण बेरीज जुळली की झालं.
वस्तुस्थिती: पावती हरवलेला ३०० रुपयांचा खर्च आणि नोंद राहिलेला ३०० रुपयांचा परतावा एकमेकांना झाकतात. म्हणून एकेक ओळ जुळवा. न पटणाऱ्या ओळीबद्दल लेखी तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार कार्ड देणाऱ्या संस्थेने तक्रारीपासून ३० दिवसांच्या आत खुलासा द्यायचा असतो.

गैरसमज ४: पैसे आता चालतात कुठे? वरचे पैसे सोडून भरलं तरी चालतं.
वस्तुस्थिती: २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, पण खात्यात पै न् पै मोजली जाते. कार्डाचं बिल ८,६४२.३७ असताना ८,६४२ भरले, तर ३७ पैसे बाकी राहतात, आणि व्याजमुक्त मुदतीची अट पूर्ण रक्कम भरण्याची आहे. सरळ ८,६४३ भरा. वरचे ६३ पैसे पुढच्या बिलात वळते होतात.

'राउंड ऑफ' हे खातं न सापडलेल्या फरकांची अडगळ नव्हे. फरक कुठून आला ते आधी शोधा. ज्याची बिलावर तशी ओळ छापलेली आहे, तेवढाच त्यात लिहा.