स्प्रिंगचा ताठरपणा आणि जालन्याची सळई

बांधकामाच्या सळयांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जालना शहरातील पोलाद आणि शाळेच्या प्रयोगशाळेतील स्प्रिंग यांना एकच नियम लागू होतो. रॉबर्ट हूक यांनी 1678 मध्ये स्पष्टपणे मांडलेल्या या नियमानुसार, स्थितिस्थापकतेच्या मर्यादेत, म्हणजे भार काढल्यावर वस्तू मूळ आकारात परतते तोपर्यंत, लांबीतील वाढ ताणणाऱ्या बलाच्या प्रमाणात असते. बल भागिले वाढ म्हणजे ‘बल स्थिरांक’, अर्थात ताठरपणाचे माप.

तो काढण्यासाठी टांगलेल्या स्प्रिंगला 100 ग्रॅमची वजने एकेक करून अडकवावीत, दर वेळी लांबी नोंदवावी आणि बल व वाढ यांचा आलेख काढावा. त्या सरळ रेषेचा चढ हाच स्थिरांक होय. प्रत्येक वजनामागे, म्हणजे 0.98 न्यूटन बलामागे, लांबी 4 सेंटिमीटर वाढत असेल, तर स्थिरांक मीटरमागे 24.5 न्यूटन येतो. याच स्प्रिंगला 400 ग्रॅम वजन लावून आंदोलने मोजल्यास 20 आंदोलनांना सुमारे 16 सेकंद लागतात, आणि त्यावरून उत्तर पडताळता येते.

याउलट, 12 मिलिमीटर व्यासाची एक मीटर लांब सळई केवळ एक मिलिमीटर ताणण्यासाठी सुमारे 22,600 न्यूटन, म्हणजे जवळपास 2.3 टन वजनाइतके बल लागते. पोलाद तेच असले तरी गुंडाळलेल्या तारेला प्रामुख्याने पीळ बसत असल्यामुळे स्प्रिंग सहज लांबते. म्हणूनच ताठरपणा द्रव्याइतकाच आकारावरही अवलंबून असतो.