टांकणखार आणि उद्यांचें इंधन

मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा रस्ता जेथें कल्याणच्या रस्त्याला मिळतो, त्या शीळफाट्यावर सायंकाळीं अवजड गाड्यांच्या रांगेंत जो अडकून पडला आहे, त्याला धुराचें दुःख समजावून सांगावयास नको. ज्याच्यापासून विद्युत् निर्माण करतां मागें केवळ पाणी उरतें असें इंधन म्हणजे हायड्रोजन वायु. मग तो या गाड्यांत सर्रास कां भरीत नाहींत? मोठी अडचण सांठवणाची आहे. नेहमींच्या उष्णमानांत एक किलो हायड्रोजनला सुमारें १२ घनमीटर, म्हणजे लहानशा खोलीच्या निम्मी, जागा लागते. दाबून भरावा तर ७०० वातावरणांचा दाब सोसणाऱ्या टाक्या हव्यात.

यावर एक तोड आपल्या ओळखीच्या पदार्थांत दडलेली आहे. सोनार डाग देतांना वापरतो ती सवागी, म्हणजेच टांकणखार, आणि मुलें कॅरमच्या फळीवर पसरतात ती बोरिक पावडर, या दोहोंत बोरॉन नांवाचें मूलद्रव्य आहे. तें पुष्कळसा हायड्रोजन आपल्याशीं बांधून ठेवूं शकतें.

अशा संयुगांचा पद्धतशीर अभ्यास जर्मनींत आल्फ्रेड स्टॉक यांनीं १९१२ च्या सुमारास आरंभिला. हवा लागतांच पेट घेणारे वायु त्यांनीं निर्वात नळ्यांत हाताळले. त्या उपकरणांतील पाऱ्याच्या वाफांनीं मात्र त्यांची प्रकृति ढांसळली. त्यांचा ग्रंथ १९३६ सालीं शिकागोच्या एका विद्यार्थ्याला त्याच्या भावी पत्नीनें भेट दिला. दुकानांतील रसायनशास्त्राचें सर्वांत स्वस्त पुस्तक म्हणून तिनें तें निवडलें होतें! तो विद्यार्थी, हर्बर्ट ब्राऊन, १९७९ सालीं नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. गुरु श्लेसिंजर यांच्यासह दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्यानें सोडियम बोरोहायड्राइड हें पांढरें मीठ सिद्ध केलें. कृति थोडक्यांत अशी : टांकणखारापासून बोरिक आम्ल, त्यावर मिथेनॉलची क्रिया करून एस्टर, आणि तें सोडियम हायड्राइडबरोबर सुमारें २५० अंश सेंटिग्रेडवर तापविलें कीं मीठ तयार. अर्थात् हा घरीं करून पाहण्याचा प्रयोग नव्हे.

एक किलो मिठाचा पाण्याशीं पूर्ण संयोग झाला तर २१३ ग्रॅम हायड्रोजन सुटतो. त्यांतील अर्धा पाण्यांतून येतो. मग घोडें कोठें अडतें? हायड्रोजन गेल्यावर उरतो तो बोरेट, म्हणजे टांकणखाराचा जवळचा भाईबंद. त्याचें पुन्हा मीठ करावयास फार शक्ति खर्चावी लागते. म्हणूनच २००७ सालीं अमेरिकेच्या ऊर्जाखात्याच्या तज्ज्ञमंडळानें मोटारींपुरता हा मार्ग सोडून देण्याची शिफारस केली.

त्याच वर्षीं, ब्राऊन यांनीं जेथें आयुष्य वेंचलें त्या पर्ड्यू विद्यापीठांत, रामचंद्रन व प्रवीण गागरे यांनीं याच मिठापासून अमोनिया-बोरेन उत्तम शुद्धतेनें तयार केलें. त्याच्या वजनाचा जवळजवळ पांचवा हिस्सा हायड्रोजन असतो. मिथेनॉलच्या योगें तो काढून घेऊन उरलेल्या द्रव्यापासून पुन्हा तेंच संयुग करण्याची वाटही त्यांनीं दाखविली. परंतु तीस लागणारें हायड्राइड महाग पडतें.

तात्पर्य, भांडें भरण्याची विद्या साधली आहे. रिकामें झालेलें भांडें स्वस्तांत पुन्हा भरण्याची साधावयाची आहे. आपल्या घरांतील रसायन शिकणाऱ्या मुलामुलींनीं उराशीं धरावें असें हें कोडें आहे.