पेलेट ग्रिल पेटत नाही? आधी राख बघा

लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर चालणारी ग्रिल १९८० च्या दशकात अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात जो ट्रेगर यांनी काढली. परदेशातल्या नातेवाइकाकडून अशी ग्रिल एखाद्या कबाबवाल्याकडे येते, काही महिने छान चालते आणि ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी पेटत नाही. मग कोणीतरी कंट्रोलर बदलायला सांगतो. तो सर्वांत महाग भाग. त्याची पाळी शेवटी यावी.

यंत्राचे काम साधे आहे. स्क्रूसारखा फिरणारा दांडा गोळ्या लोखंडी वाटीत ढकलतो, विजेची कांडी तापते, पंखा हवा देतो आणि गोळ्या पेट घेतात.

प्लग काढून, यंत्र थंड झाल्यावर वाटी रिकामी करा. राखेने कांडी झाकली जाते, हवेची भोके बुजतात. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात.

नंतर गोळ्या बघा. चांगली गोळी कट्‌कन मोडते, सर्द झालेली फुगून भुसा होते आणि दांडा अडकवते. पावसाळ्यात आपण सुताला जपतो तसेच गोळ्यांना जपा. झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा पूर्ण रिकामा झाला असेल, तर नव्या गोळ्या वाटीपर्यंत यायला काही मिनिटे लागतात, तेवढा सबर करा.

आता कांडी. तिच्या तारा सोडवून मीटर लावा. २०० वॉटची १२० व्होल्टवाली कांडी ७० ओहमच्या आसपास दाखवते, २३० व्होल्टवाली २६० च्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर कांडी जळाली. अमेरिकेची कांडी आपल्या २३० व्होल्टवर थेट लावली तर साडेतीन पटींहून जास्त वीज ओढते आणि जळते. पुरेशा ताकदीचा ट्रान्सफॉर्मर हवाच. त्यातही एक मेख आहे. तिकडची वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची. ट्रान्सफॉर्मर हा फरक मिटवत नाही. एसी मोटर असेल तर दांडा सुमारे सहाव्या हिश्श्याने हळू फिरतो, गोळ्या कमी पडतात.

पेटली नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. दर वेळी वाटीत गोळ्या साचतात, दाट पांढरा धूर कोंडतो आणि सगळे एकदम भडकते. तोंड भाजण्याची ही वेळ असते. बंद करा, गोळ्या काढा, मगच पुन्हा लावा. रॉकेल किंवा पेट्रोल तर मुळीच नको.

ऑर्डर अडली असेल तर मूठभर गोळ्या वाटीत टाकून मेणाच्या पेटवणीने हाताने पेटवा, चार-पाच मिनिटे धगधगू द्या, मग यंत्र सुरू करा. पुढे कांडीची गरज पडत नाही.

कांडी शाबूत आहे, पण तिच्यापर्यंत वीज येत नाही, असे दिसले तर आधी कंट्रोलरचा फ्यूज बघा. तोही ठीक असेल, तेव्हाच नव्या कंट्रोलरची किंमत विचारा.