ड्राय सूट नीट बसतो का?

आइसलँडमधल्या सिल्फ्रा भेगेतलं पाणी वर्षभर २ ते ४ अंश सेल्सिअस असतं. तिथे स्कूबासाठी ड्राय सूट सक्तीचा. सूट घालून बघताना आतले उबदार कपडे अंगात हवेतच, नाहीतर माप फसवं निघतं. पूर्ण उकिडवे बसा, स्वतःला घट्ट मिठी मारा, हात मानेमागे टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत न्या. कुठे ओढ बसली तर सूट लहान आहे. फार सैल सूट मात्र मला जास्त धोक्याचा वाटतो: जादा हवा पायांकडे धावते आणि डायव्हर उलटा होऊन वर फेकला जाऊ शकतो. गळ्याची सील घट्ट असावी, पण गरगरलं तर ती लगेच काढा. मूठ आवळली की मनगटावर कंडरा उठतात आणि त्यांच्या खाचेतून पाणी शिरतं. म्हणून मनगटाची सील थोडी कोपराकडे सरकवा.