खडीचा टवका आणि मोटारीचा रंग

भिवंडी-कल्याणकडून निघून माळशेज घाट, अहिल्यानगर, परभणी, नांदेड व भोकर अशी मजल करीत येणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ भैंसा या गावातून जातो आणि तेथून सुमारे चाळीस किलोमीटरवर निर्मल येथे पोहोचतो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत भैंसा हे नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यातील गाव होते. राज्यपुनर्रचनेत ते आदिलाबाद जिल्ह्यास जोडले गेले. आणि २०१६ च्या ऑक्टोबरात त्या जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते निर्मल जिल्ह्यात मोडते. सरहद्दी अशा हालल्या, जमीन मात्र होती तीच राहिली. ती काळी, चिकण, कापसाची जमीन आहे. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्या पाठीवर टाकलेला कोणताही रस्ता वर्षानुवर्षे या उठबशीत सापडतो. डांबराच्या कडा प्रथम तुटतात, साईडपट्टी खचते, आणि डांबराने धरून ठेवलेली काळ्या पाषाणाची गिट्टी हळूहळू मोकळी होते. पुढे कापसाचा हंगाम सुरू होतो, जिनिंगकडे जाणारी भरली वाहने या कडेवरून चढउतार करतात, आणि मोकळी झालेली गिट्टी रस्त्याच्या मध्यावर येऊन पडते.

या गिट्टीचा एखादा खडा पुढच्या वाहनाच्या चाकाखालून उसळून मागच्या मोटारीच्या नाकाडावर आदळला म्हणजे 'टक्' असा आवाज येतो. मोटार थांबवून पाहिले तर रंगाचा टवका उडालेला असतो. आकाराने तो बहुधा ज्वारीच्या दाण्याएवढा असतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होते. वास्तविक मोटारीच्या पत्र्याचे आयुष्य कोणत्या वाटेने कमी होते, हे या एवढ्याशा ठिपक्यात दिसत असते.

स्पोर्ट्स कार हे या रस्त्यावरील नित्याचे वाहन नव्हे. परंतु टवक्याचा प्रश्न समजून घ्यावयाचा तर तिच्यासारखे उदाहरण नाही, कारण साध्या मोटारीत जे दोष थोडेथोडे असतात ते तिच्यात एकत्र आलेले असतात. तिचे नाक जमिनीलगत असते. त्यामुळे इतर वाहनांच्या खालून निसटून जाणारा खडा तिला नेमका तोंडावर बसतो. तिचे टायर रुंद आणि मऊ रबराचे असतात. ते रस्त्याला चिकटून चालतात खरे, पण वाटेतली बारीक खडीही उचलून घेतात आणि मोटारीच्या स्वतःच्याच अंगावर, दरवाज्याखालच्या पट्टीवर व मागच्या चाकापुढील फुगीर भागावर फेकतात. शिवाय ती घेतली जाते ती वेगासाठी, आणि या साऱ्या प्रकरणाचे मूळ वेगात आहे.

आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा शाळेत शिकवला जाणारा नियम येथे अक्षरशः लागू पडतो. पाच ग्रॅम वजनाचा, लहान सुपारीएवढा खडा हवेत उसळलेला आहे आणि मोटार ताशी १०० किलोमीटर वेगाने त्याच्यावर जाऊन आदळली, असे समजू. या टकरीतील ऊर्जा, एक किलोचे वजन सुमारे वीस सेंटीमीटर उंचीवरून सोडले असता जेवढी होईल तेवढी असते. आणि ती सारी खड्याच्या एका टोकावर, मोहरीएवढ्या जागेत उतरते. वेग निम्म्यावर आणला तर ही उंची वीसावरून पाच सेंटीमीटर होते. पुष्कळांची समजूत अशी असते की, पुढच्या ट्रकने दगड 'मारला'. खरे पाहता बहुतेक वेळा ट्रक खडा केवळ वर उडवतो. त्याला गाठून धडक देण्याचे काम मागून येणारी मोटारच करते. समोरून येणाऱ्या ट्रकचा खडा मात्र अधिक वाईट, कारण त्याच्या स्वतःच्या वेगाचीही त्यात भर पडते.

ज्याच्यावर हा आघात होतो तो रंग असतो तरी केवढा जाड? कारखान्यातून आलेल्या मोटारीवरील सर्व थर मिळून जाडी सामान्यतः १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एका कागदाहून फारशी अधिक नसते. एवढ्या जाडीत चार निरनिराळे थर बसवलेले असतात. पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया होते. नंतर मोटारीचा संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर सुमारे वीस मायक्रॉनचा गंजरोधक थर चढवतात. वीज वापरल्यामुळे सांधे-कोपरेही सुटत नाहीत. त्यावर अस्तराचा थर, त्यावर डोळ्यांना दिसणारा खरा रंग, जो सर्वांत पातळ असतो, आणि सर्वांत वर ऊन-पाऊस सोसणारा पारदर्शक थर. हौदातला थर सुमारे १६० ते १८० अंश उष्णतेत भाजला जातो, वरचे थर सुमारे १४० अंशांत.

हा भाजण्याचा तपशील महत्त्वाचा आहे. मोटार तयार झाल्यावर तिच्यात तारा, रबर, प्लॅस्टिक, गाद्या व पेट्रोलची टाकी बसते. मग तिला पुन्हा एवढ्या उष्णतेत घालता येत नाही. त्यामुळे डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमधील कारागीर कितीही कुशल असला तरी तो निराळ्या जातीचा, कमी उष्णतेत वाळणारा रंग लावतो. तो रंग चांगला असू शकतो, परंतु हौदातला तो पहिला थर त्याला परत आणता येत नाही. एकदा गेलेला मूळ रंग गेलाच, असे जे जुने मोटारवाले म्हणतात त्यात तथ्य आहे, ते एवढ्याकरिताच.

रंग आणि कापूस यांचा संबंध भैंसासारख्या कापसाच्या पेठेत सांगण्याजोगा आहे. शंभर वर्षांपूर्वी मोटारींना तेलाचा रोगण लावीत, आणि तो वाळून पक्का होण्यास आठवडे लागत. मग अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने 'ड्यूको' नावाचा रंग काढला आणि १९२४ सालच्या 'ओकलंड' मोटारींवर तो प्रथम दिसला. वाळण्याचे काम आठवड्यांवरून तासांवर आले. हा रंग नायट्रोसेल्युलोजचा. आणि नायट्रोसेल्युलोज करतात ते कापसापासून. जिनिंगमध्ये रुई निघाल्यावर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, ती काढून तिच्यावर नायट्रिक आम्लाची क्रिया करतात. बंदुकीच्या धूररहित दारूचा हा सख्खा भाऊ. पुढे मोटारींच्या कारखान्यांनी ड्यूकोचा त्याग केला, कारण तो जुना होता होता ठिसूळ बनतो आणि त्याचे टवके फार लवकर उडतात. निर्मलच्या नक्काश कारागिरांनी मात्र तो उचलला. पोणकीच्या हलक्या लाकडाची खेळणी आणि काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी चित्रे यांसाठी पूर्वी ते वनस्पतींचे व खनिजांचे रंग वापरीत. नंतरच्या काळात त्यांच्या कामात ड्यूको रूढ झाला. मोटारीवरून उतरलेला रंग अशा रीतीने लाकडी फळांवर व पक्ष्यांवर जाऊन बसला, जेथे खडी उडण्याचे भय नाही.

आजचे मोटारीचे रंग ॲक्रिलिक व पॉलियुरेथेनच्या जातीचे असून ते ड्यूकोहून पुष्कळ चिवट आहेत. टवक्याला ते कितपत दाद देतात याची रीतसर परीक्षाही होते. ग्रॅव्हेलोमीटर नावाच्या यंत्रातून सुमारे अर्धा लिटर मापाची, नदीच्या पाण्याने घासून गुळगुळीत झालेली खडी दाबाच्या हवेने रंगीत पत्र्यावर मारतात आणि मग टवके मोजतात. किती उडाले एवढेच नव्हे, तर कोणत्या थरापर्यंत गेले हे पाहतात. वरचा पारदर्शक थर व रंग गेला, पण हौदातला थर शाबूत राहिला, तर दिसण्यापलीकडे मोठे नुकसान नाही. पत्रा उघडा पडला की गोष्ट बदलते. पहिल्या पावसात तेथे तांबूस ठिपका येतो. आणि गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापीत असल्यामुळे तो कडेचा चांगला रंगही उचलून धरतो. दोन पावसाळ्यांत ज्वारीच्या दाण्याचा रुपया होतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर हे काम सावकाश चालते, एवढाच फरक. ॲल्युमिनियमच्या अंगावर तांबडा गंज येत नाही. परंतु रंगाखालून पांढरट, दोऱ्यासारखी कीड सरकत जाते. प्लॅस्टिकचा बंपर गंजत नाही, आणि फायबरग्लासही गंजत नाही. गोव्यात तयार झालेली 'सॅन स्टॉर्म' ही छोटी, दोन आसनांची, उघड्या टपाची मोटार फायबरग्लासच्या अंगाची होती. अशा अंगाला खडा जोराने लागला तर रंगाखाली चांदणीसारख्या बारीक चिरा उमटतात. त्या रंगवून झाकल्या तरी काही महिन्यांनी पुन्हा वर येतात.

आता उपाय. बाजारात यासंबंधी जेवढी जाहिरात आहे तेवढी माहिती नाही. मेणाचे पॉलिश रंगाला तकाकी देते, पाणी झटकते. खड्यापुढे त्याचा काही उपयोग नाही. 'सिरॅमिक कोटिंग' या नावाने जे महागडे लेपन केले जाते, त्याचीही तीच कथा. तो लेप काही मायक्रॉनांचा असतो. त्यामुळे धूळ कमी चिकटते, पक्ष्यांची विष्ठा व उन्हाचा मारा यांपासून काही संरक्षण मिळते, आणि मोटार धुणे सोपे होते; हे सर्व खरे आहे. परंतु दगडाला तो थांबवील ही अपेक्षा, ढालीच्या ऐवजी अत्तर लावून युद्धास जाण्यासारखी आहे. विक्रेत्याने 'दगड लागला तरी ओरखडा येणार नाही' असे सांगितले, तर त्या एका वाक्यावरून त्याच्या इतर वाक्यांची किंमत ठरवावी.

खड्याला अडवते ते जाडी आणि लवचिकपणा. हे दोन्ही गुण पॉलियुरेथेनच्या पारदर्शक पातळ पडद्यात, म्हणजे ज्याला सामान्यतः 'फिल्म' म्हणतात त्यात आहेत. व्हिएतनामच्या युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांची पुढची धार उडत्या वाळूने व खड्यांनी झिजू नये म्हणून ही जात प्रथम वापरात आली. तेथून ती शर्यतीच्या मोटारींवर आणि मग घरगुती मोटारींवर आली. तिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे खालच्या साऱ्या रंगाहून अधिक. खडा आदळला की फिल्म दबते, ताणली जाते, आघात थोड्या अधिक जागेवर व थोड्या अधिक काळात पसरवते आणि पुन्हा पूर्ववत होते. चांगल्या प्रतीच्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने आपोआप भरून येतात. तेलंगण-मराठवाड्याच्या उन्हाचा असा उपयोग क्वचितच होतो! मात्र मोठा, धारदार खडा वेगाने आला तर तो फिल्मही फाडतो. अभेद्य असे येथे काही नाही. पॉलियुरेथेनऐवजी पीव्हीसीची स्वस्त फिल्म त्याच नावाने खपवली जाते. ती कमी लवते, आणि उन्हात एक-दोन वर्षांत पिवळी पडून कडक होते.

संपूर्ण मोटार मढवण्याची गरज नसते. पुढचा बंपर, बॉनेट, आरशांच्या पाठी, दरवाज्याखालची पट्टी आणि मागच्या चाकापुढील भाग एवढे झाकले तरी बहुतेक मारा चुकतो. बॉनेटवर अर्धीच फिल्म लावली तर तिच्या कडेला धुळीची रेघ साचते आणि ती पांढऱ्या मोटारीवर फार दिसते. फिल्म बेतताना काही ठिकाणी ती मोटारीवर ठेवूनच पात्याने कापतात. हात चुकला तर रंगात कायमची रेघ उमटते. म्हणून यंत्रावर आधी कापून आणलेली फिल्म मागावी. नव्याने रंगवलेल्या भागावर मात्र घाईने फिल्म लावू नये. रंग पूर्ण पक्का होण्यास काही आठवडे द्यावे लागतात. आणि लांबीवर घाईने मारलेला कच्चा रंग असेल, तर फिल्म काढताना तो तिच्याबरोबर सोलून येतो.

ज्याला हा खर्च परवडत नाही, त्याच्याही हाती बरेच आहे. चाकांमागे रबरी पडदे लावले तर स्वतःच्या चाकाने स्वतःच्या अंगावर होणारा मारा पुष्कळ कमी होतो. मोकळी गिट्टी दिसताच वेग उतरवणे आणि भरल्या ट्रकच्या मागे अंतर ठेवून चालणे याला पैसा पडत नाही; आणि पुढची काचही त्यानेच वाचते. काच फुटणे हे रंग जाण्यापेक्षा किती तरी अधिक गंभीर, कारण तेथे प्रश्न डोळ्यांचा व प्राणाचा असतो.

टवका उडालाच, तर तो पावसाळ्यापूर्वी बुजवावा. जागा धुऊन, स्पिरिटने पुसून मेण व चिकटपणा काढावा. तांबूस डाग असेल तर तो बारीक पॉलिशपेपरच्या टोकाने पूर्ण खरवडावा. गंजावर लावलेला रंग गंजाला केवळ पांघरूण घालतो. उघड्या पत्र्यावर प्रथम प्रायमरचा ठिपका, तो वाळल्यावर मोटारीच्या रंग-क्रमांकाचा टचअप रंग, आणि शेवटी पारदर्शक थर. हा क्रमांक मोटारीच्या दरवाज्याच्या चौकटीवर किंवा बॉनेटखाली लावलेल्या पट्टीवर बहुधा छापलेला असतो. बाटलीबरोबर येणारा ब्रश टवक्याच्या मानाने फार जाड असतो. आगपेटीच्या काडीचे टोक तासून घेतले तर काम नेटके होते. एकदम जाड थेंब सोडण्यापेक्षा दोन-तीन पातळ थेंब, मध्ये वाळण्यास वेळ देऊन लावावेत. ते आजूबाजूच्या पातळीच्या किंचित वर आले की आठवडाभराने दोन हजार नंबरच्या ओल्या पेपरने अगदी हलके घासून पॉलिश करावे. जवळून पाहणाऱ्याला डाग दिसेल. पाणी मात्र पत्र्यापर्यंत पोहोचणार नाही.