ओढ्याची नाडी पाहणारी विदुषी

ओढ्यांत उतरलें म्हणजे दगडावरून पाय घसरतो, हा अनुभव आपणांपैकीं बहुतेकांस आहे. दगडावरील त्या तपकिरी, बुळबुळीत थराकडे आपण ‘शेवाळ’ म्हणून दुर्लक्ष करितों. परंतु याच थराच्या अभ्यासांत एका विदुषीनें आपलें आयुष्य वेंचलें, आणि त्यावरून नदीचें आरोग्य ओळखण्याची रीत जगास दाखविली. त्या विदुषी म्हणजे अमेरिकेंतील डॉ. रूथ पॅट्रिक (१९०७–२०१३) होत.

त्यांचे वडील धंद्यानें वकील. पण मनाचा कल वनस्पतिशास्त्राकडे. सुटीच्या दिवशीं ते मुलींना घेऊन रानांत व ओढ्याकांठीं जात, आणि गोळा केलेले नमुने घरीं सूक्ष्मदर्शकाखालीं दाखवीत. रूथ सात वर्षांची झाली तेव्हां त्यांनीं तिला स्वतंत्र सूक्ष्मदर्शक यंत्रच दिलें. त्या भिंगाखालीं तिला डायटमांचें जग दिसूं लागलें. डायटम म्हणजे एका पेशीचें शैवाल. त्याचें कवच कांचेसारख्या सिलिकेचें असून त्यावर अत्यंत रेखीव नक्षी असते.

१९३३ सालीं त्या फिलाडेल्फिया येथील निसर्गविज्ञान अकादमींत काम करूं लागल्या, व पुढील वर्षीं व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पीएच्. डी. झाल्या. परंतु स्त्रीनें शास्त्रज्ञ व्हावें हें त्या काळीं फारसें कोणास रुचत नसे. कित्येक वर्षें त्यांनीं विनावेतन काम केलें. वेतन सुरू झालें तें १९४५ सालीं!

आतां त्यांची रीत पाहूं. पाण्याची रासायनिक परीक्षा केली तर नमुना भरला त्या क्षणाची स्थिति कळते. आदल्या रात्रीं सोडलेली घाण वाहून गेली असेल, तर ती परीक्षा काय सांगणार? दगडाला चिकटलेले जीव मात्र तेथेंच असतात. जें वाहून गेलें तें त्यांनीं सोसलेलें असतें. १९४८ सालीं पेन्सिल्व्हेनियांतील कोनेस्टोगा नदीच्या खोऱ्यांत त्यांनीं रसायन, जंतु, कीटक व मासे यांच्या जाणकारांसह पाहणी केली. निरोगी प्रवाहांत जाती पुष्कळ, व बहुतेक जातींची संख्या बेताची, असें त्यांस आढळलें. दूषित पाण्यांत जाती घटतात, आणि मोजक्या सोशीक जातींचीच गर्दी माजते. म्हणून एकूण जीव किती हें मोजून भागत नाहीं. जाती किती हें पाहावें लागतें. यासाठीं कांचेच्या पट्ट्या बसविलेलें एक तरतें साधनही त्यांनीं योजिलें. तें कांहीं दिवस पाण्यांत ठेवलें कीं पट्ट्यांवर डायटम जमतात, व ते मोजतां येतात.

कारखानदारांशीं वैर न धरितां त्यांस पाणी निर्मळ राखण्याचा मार्ग त्या दाखवीत. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत त्यांनीं ३५ वर्षांहून अधिक काळ अध्यापन केलें. १९६७ सालीं एका ओढ्याकांठीं सुरू झालेल्या स्ट्राउड जलसंशोधन केंद्राच्या उभारणींतही त्यांचा हात होता. संशोधकांबरोबर विद्यार्थी व शिक्षकही तेथें शिकतात. १९९६ सालीं त्यांस अमेरिकेचें राष्ट्रीय विज्ञानपदक मिळालें. १०५ वर्षांचें आयुष्य लाभलेल्या या बाई नव्वदी उलटल्यावरही कामांत मग्न असत.

विद्यार्थीमित्रहो, पुढच्या वेळीं ओढ्यांत पाय घसरला, तर त्या दगडाकडे क्षणभर निरखून पाहा. आणि पालकांनो, मूल ओल्या हातांत असा एखादा दगड घेऊन घरीं आलें, तर “टाकून दे” म्हणण्यापूर्वीं त्या वकील पित्याचें स्मरण करा.