सर्पगंधा, सेरोटोनिन आणि विषादाचा रुग्ण

अनिद्रा व उच्च रक्तदाब यांसाठी सर्पगंधा घनवटीचा उपयोग आपण नित्य करतो. याच वनस्पतीने आधुनिक मानसरोगशास्त्रास सेरोटोनिनची वाट दाखविली, हे मात्र थोड्यांच्या ध्यानी असते.

कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद व उच्च रक्तदाब या दोहोंत सर्पगंधेची उपयुक्तता नोंदविली. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये तिच्या रक्तदाबावरील उपयोगाचा अनुभव प्रसिद्ध केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले गेले. आणि १९५५ मध्ये रिसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो, असे अमेरिकेतील प्रयोगांत दिसले.

हे सेरोटोनिन निर्माण करणाऱ्या पेशी मस्तिष्कस्तंभाच्या मध्यरेषेवरील राफे केंद्रकांत असतात. संख्येने त्या अल्प; परंतु त्यांचे तंतू अवघ्या मेंदूत पसरतात व निद्रा, क्षुधा, मनोभाव यांवर प्रभाव पाडतात. या पेशींवर ‘५-एचटी १ए’ नावाचे ग्राहक असतात. भोवती सेरोटोनिन वाढले की ते पेशीलाच लगाम घालतात. विषादावरील आधुनिक औषध सुरू होताच हा लगाम आवळला जातो. काही आठवड्यांनी तो सैल पडतो. औषधाचा गुण उशिरा येण्याचे हे एक प्रमुख कारण मानले जाते. केवळ ‘सेरोटोनिन घटले म्हणून विषाद’ हे सोपे समीकरण मात्र आज ग्राह्य धरले जात नाही.

‘गुण नाही’ म्हणणारा रुग्ण नेमका याच काळात आपल्याकडे येतो. झोप नाही म्हणून त्यास सर्पगंधा देणे युक्त नव्हे. रिसर्पिन विषाद उत्पन्न करते की नाही याविषयी पुढे मतभेद झाले. तथापि विषाद किंवा आत्मघाताचे विचार असलेल्या रुग्णात ते वर्ज्यच मानले जाते. चालू औषध एकाएकी बंद करविणेही घातक. भोवळ, अस्वस्थता, अनिद्रा उद्भवतात व व्याधी उलटू शकते. तो निर्णय मानसरोगतज्ज्ञाच्या विचारानेच व्हावा.

यास्तव वैद्यबंधूंनी सर्पगंधा लिहिण्यापूर्वी ‘मनाच्या विकारावर काही औषध चालू आहे काय?’ एवढा प्रश्न अवश्य विचारावा. औषधी विक्रेत्यांनीही चिठ्ठीवाचून घनवटी देऊ नये. द्रव्याचे सामर्थ्य जाणणाऱ्याने त्याची मर्यादाही जाणली पाहिजे.